जिन्याखालच्या कपाटातली काडतुसं

माझ्या आईच्या देवघराला दार होतं, आणि त्या दाराला आतून कोट टांगायचे हुक होते. कॅनडातल्या हॅमिल्टनला, तिथले लोक ज्या उंच कड्याला माउंटन म्हणतात त्याच्या पायथ्याशी, एकाला एक चिकटलेल्या टाउनहाउसच्या रांगेत आमचं घर. आत शिरलं की उजव्या हाताला जिन्याखाली एक कपाट होतं, ते बिल्डरने बहुधा बूट ठेवायला काढलेलं. आईने राहायला आल्याबरोबर त्याच्या फळीवर बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि महादेवाची पिंड यांची स्थापना करून टाकली. बूट तिने बाहेर हाकलले, पण कोटांना दुसरी जागाच नव्हती. त्यामुळे सगळा हिवाळा आमच्या देवांच्या समोर ओले कोट लोंबकळत असायचे, आणि आम्ही सगळे उदबत्तीच्या वासाचे होऊन शाळेत आणि कामाला जायचो. बसमध्ये एका बाईने मला विचारलं होतं, की तू कुठला परफ्यूम वापरतेस. मी काय सांगणार, मी म्हटलं, तो आमचा कौटुंबिक आहे.

बाबा एका पोलादाच्या कारखान्यात इंजिनियर होते. चार रेघा ओढल्याशिवाय त्यांच्या हातून घरातलं कुठलंही काम सुरू होत नसे. पडद्याचा दांडा लावायचा तरी आधी नकाशा. माझा धाकटा भाऊ शेखर बर्फावरची हॉकी खेळायचा, आणि त्याची घामट वासाची हॉकीची बॅग बेसमेंटमध्ये असल्यामुळे बेसमेंटमध्ये दुसरं कुणी फारसं जात नसे. आई त्याच्याशी मराठीत बोलायची, तो इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायचा, आणि दोघांचं छान जमायचं. राहता राहिले मी, सुनीता. एकोणीस वर्षांची, युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला, आणि घरातलं माझं टोपणनाव आरंभशूर. ते उगाच पडलं नव्हतं. भरतनाट्यम मी पहिल्याच नाचावर, अलारिपूवर सोडलं होतं. पियानो दोन्ही हात एकदम वाजवायची वेळ आली तेव्हा सोडला. स्केटिंग, पोहणं, फ्रेंच, स्वेटर विणणं, सगळं असंच. तो अर्धा स्वेटर आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. ‘एका हाताचा झालाय,’ म्हणायची, ‘दुसऱ्या हाताला थंडी वाजत नाही आमच्या सुनूला.’

तर अशा मला नेमबाजीचा नाद लागला. एका मैत्रिणीबरोबर सहज म्हणून गावाबाहेरच्या रायफल क्लबला गेले, आणि तिथे मला डोरीन भेटली. डोरीन म्हणजे सत्तरीला टेकलेली, निवृत्त झालेली लायब्ररियन, डोक्यावर स्वतः विणलेली टोपी. तिचा आवाज कधी चढायचा नाही, पण ती ‘स्टॉप’ म्हणाली की मैदानावरची खारसुद्धा थांबायची. मला तिने जमिनीवर पालथं निजवलं, रायफल खांद्याला लावून दिली आणि म्हणाली, श्वास अर्धा सोड आणि मग काहीही करू नकोस. काहीही न करणं हा माझा आवडता विषय. मी काहीही केलं नाही, आणि गोळी काळ्या वर्तुळात बसली. पुढच्या शनिवारी गेले, त्याच्या पुढच्याही गेले. बर्फात गेले, चिखलात गेले. एक उन्हाळा सरला, दुसरा आला आणि मी जातच राहिले, तेव्हा घरात लोक माझ्याकडे जरा दचकून बघायला लागले.

आईने एकच अट घातली होती. बंदूक या घरात येणार नाही. ती अट सोपी होती, कारण रायफल क्लबचीच होती आणि ती तिथल्या कपाटात कुलपातच राहायची. अडचण पुढे आली. ऑक्टोबरमध्ये हंगामाचा शेवटचा सामना, आणि त्यातून प्रांताच्या तरुण संघासाठी नेमबाज निवडणार होते. डोरीनच्या मते माझा नंबर लागण्यासारखा होता, फक्त दुकानातल्या काडतुसांवर नाही. ती म्हणजे दुकानातली चकली, एक कडक तर एक मऊ. चांगले नेमबाज आपली काडतुसं आपणच भरतात. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी घरी आणायची, साफ करायची, दांड्याच्या प्रेसमध्ये दाबून परत मापात आणायची, तिच्या बुडाशी प्रायमर बसवायचा, म्हणजे ठिणगी देणारं इवलंसं टोपण, मग पावडर मोजून घालायची आणि वर शिशाची गोळी बसवायची. डोरीन हे सगळं तिच्या स्वयंपाकघरामागच्या कोठीत, जॅमच्या बरण्यांशेजारी करायची. तिचा जुना प्रेस तिने मला देऊन टाकला. एकच गोष्ट म्हणाली: तू हे कुठे करणार ती जागा मला आधी बघायची आहे.

प्रेस घरी आला तेव्हा आईला वाटलं मी सोऱ्या आणलाय. खरं कळल्यावर ती बाबांकडे वळली. ‘अहो, हिला सांगितलं होतं ना, बंदूक घरात नको म्हणून?’

‘बंदुकीचं बोलणं झालं होतं,’ बाबा म्हणाले. ‘गोळ्यांचं काही झालं नव्हतं.’ असं म्हणेपर्यंत ते प्रेसचा दांडा वरखाली करून बघायला लागलेसुद्धा होते. आई समजली, की हा माणूस गेला.

बाबा टेप घेऊन घरभर हिंडले. बेसमेंटमध्ये घर गरम ठेवणारी फर्नेस, तिच्या आत सतत पेटती ज्योत, आणि शिवाय शेखरची बॅग. स्वयंपाकघरात शिसं नको, असं डोरीनने बजावलेलं. माझ्या खोलीत जाड कार्पेट, त्यात प्रायमर पडला तर मनुष्य आयुष्यभर शोधत बसेल. गॅरेज नव्हतंच. शेवटी बाबा जिन्याखालच्या कपाटासमोर येऊन उभे राहिले. जमीन लिनोलियमची, जागा कोरडी, दाराला कुलूप. मी आणि बाबांनी एकमेकांकडे बघितलं. आईने आमच्या दोघांकडे बघितलं. ‘देवांच्या खालची फळी तशी रिकामीच आहे,’ बाबा अगदी हळू म्हणाले. ‘बघून जाऊ दे त्या बाईंना’ एवढंच आईच्या तोंडून निघालं, आणि आम्ही त्याला होकार समजलो.

डोरीन रविवारी दुपारी आली, हातात स्ट्रॉबेरी जॅमची बरणी. आईने तिला बटाटेवडे आणि चहा दिला. डोरीनने चार वडे खाल्ले, त्यामुळे तिच्याबद्दल आईचं मत बरं झालं. मग बाबांनी नकाशा उलगडला. भिंतीला बिजागरीने जोडलेली घडीची फळी, तिला प्रेस, दाराच्या आतल्या बाजूला हत्यारं टांगायला भोकांचा बोर्ड, बसायला बुटकं स्टूल, आणि पावडर ठेवायला, ते मोठ्या उत्साहाने म्हणाले, आईस्क्रीमचा रिकामा डबा. आमच्या घरात आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम कधीच नसायचं. तूरडाळ, गोडा मसाला, बटणं, काय वाट्टेल ते असायचं, त्यामुळे बाबांच्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. डोरीनने कप खाली ठेवला. पावडर तिच्या स्वतःच्या डब्यातच राहील, ती म्हणाली, लेबलासकट, कुलपाच्या पेटीत. आणि भरताना समोर एकच डबा. बाबांनी मुकाट्याने नकाशावर खोडलं.

मग तिने कपाटाचं दार उघडलं. संध्याकाळची दिवेलागणीची वेळ होत आली होती, आणि आईने पाहुण्या यायच्या म्हणून जरा लवकरच निरांजन लावून ठेवलं होतं. उदबत्तीही होती. आतल्या मिणमिणत्या उजेडात बाळकृष्ण, उघड्या दारावर शेखरचं विंटर जॅकेट, आणि खालच्या फळीवर, बाबांनी उत्साहाच्या भरात आधीच ठेवलेला प्रेस.

डोरीनने वाकून आत बघितलं. ‘इज दॅट अ फ्लेम?’

‘दॅट इज गॉड,’ आई म्हणाली.

‘आय कॅन सी दॅट,’ डोरीन नम्रपणे म्हणाली. ‘आय मीन इन फ्रंट ऑफ हिम.’

बाबांनी वेळापत्रकाची कल्पना मांडली. सकाळ-संध्याकाळ दिवा, मधल्या वेळात पावडर. डोरीनने मान हलवली. एका कपाटात ज्योत आणि पावडर कधीच नाही, एकाच वेळी नाही आणि वेगवेगळ्या वेळीही नाही. हे कपाट यांचं आहे, ती देवांकडे बोट न दाखवता, नुसती मान लववून म्हणाली, आणि तसंच राहू दे. दुसरी जागा मिळाली तर मला फोन कर. आईने तिला वडे बांधून दिले. जाताना दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या, आणि मला दोघींचाही राग आला.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस आमच्या घरात फार शांत गेले. बाबांनी हार्डवेअरच्या दुकानातून ज्योतीसारखा लुकलुकणारा बल्ब आणून बघितला. आई म्हणाली, ‘आयुष्यभर ज्याला तूप दाखवलं त्याला आता प्लग दाखवू?’ बल्ब परत गेला. मी मोठ्या त्यागाने जाहीर केलं, की जाऊ दे, मी नाही भरत काडतुसं, नाही जात त्या सामन्याला, माझं काय अडलंय. असं म्हणून मी प्रेस एका खोक्यात घातला आणि खोकं माझ्या पलंगाखाली ढकललं. तिथे आधीपासून पियानोची पुस्तकं, घुंगरं आणि तो एका हाताचा स्वेटर होता. खोकं आत जाईना, म्हणून मी ते पायाने रेटलं. मान वर केली तर आई दारात धुतलेल्या कपड्यांची चळत घेऊन उभी. ती त्या सगळ्या सामानाकडे बघत होती. कपडे पलंगावर ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर देव जेवणाच्या टेबलाशेजारच्या खिडकीत. चौरंगावर धुतलेलं फडकं, त्यावर सगळी मंडळी ओळीने, आणि सकाळचं ऊन थेट अन्नपूर्णेच्या पळीवर. निरांजन चाललेलं. आई पोहे ढवळत होती.

‘हे काय?’ मी म्हटलं.

‘काय म्हणजे? आत त्यांना दिसत तरी काय होतं, कोट.’ ती पोह्यांवर झाकण ठेवून माझ्याकडे वळली. ‘आणि हे बघ सुनू. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच काहीतरी धरून बसली आहेस. ते पलंगाखाली जायला नको. देव काय, ते कुठेही राहतील.’

मला रडू आलं, आणि पोहे खाताना रडणं फार अवघड असतं, ठसका लागतो. आज मी जवळच्याच मिल्टन गावात राहते, माझ्या घराच्या बेसमेंटमध्ये क्रिकेट खेळता येईल इतकी जागा आहे. माझा मुलगा मला नेहमी म्हणतो, ‘मॉम, गेट अ प्रॉपर बेंच.’ मी अजूनही जिन्याखालच्या कपाटातच बसते. त्याने कारण विचारलं की मी गुडघ्यांचं काहीतरी सांगते.

तेव्हा मात्र डोरीनने येऊन ते रिकामं कपाट बघितलं, होकार दिला, आणि बाबांनी आठवडाभर खपून स्टेशन उभं केलं. ते त्याला स्टेशनच म्हणायचे. कपाटात दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागायच्या, आणि जिन्यामुळे छत मागे उतरत गेलेलं, त्यामुळे ताठ बसायची सोय नव्हती. प्रेसचा दांडा पूर्ण खाली आणला की तो माझ्या गुडघ्यावर बसायचा. मग बाबांनी फळीला गुडघ्याच्या आकाराची खाच काढली, माझा गुडघा वहीच्या कागदावर आखून. पावडर मोजायचा नाजूक तराजू उजवीकडे, कुणी जिन्यावरून धावलं की त्याचा काटा थरथरायचा. म्हणून मी आत असले की शेखरने जिना चढायचा नाही असा नियम झाला. तो खाली उभा राहून ओरडायचा, ‘आर यू डन? आय नीड द वॉशरूम.’ पुंगळ्या उभ्या करायला भोकाभोकांचा लाकडी ठोकळा होता, त्याला आई अप्पेपात्र म्हणायची. कपाटाची किल्ली लोणच्याच्या कपाटाच्या किल्लीशेजारी, आईच्याच ताब्यात. पावडरच्या पेटीची मात्र माझ्या गळ्यात.

आणि मग आई हळूच आत शिरली, म्हणजे या उद्योगात. झालं असं, की माझ्या पुंगळ्या काळवंडलेल्या असायच्या, आणि मी त्या फडक्याने एकेक पुसत बसायचे. आईला ते बघवेना. पितळ कसं घासायचं हे तिला या घरात कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने बेसमेंटमधल्या कपडे धुवायच्या टाकीत जुनी बादली ठेवली, त्यात चिंचेचं पाणी केलं, आणि माझ्या पुंगळ्या त्यात बुडवल्या. ‘स्वयंपाकघरातली बादली नाही हं,’ तिने स्वतःच डोरीनच्या वतीने मला बजावलं. थोड्या वेळाने त्या नव्यासारख्या निघाल्या. मग स्वच्छ पाण्यातून काढून तिने त्या मागच्या डेकवर चादरीवर वाळत घातल्या, वाळवणासारख्या, आणि खारी येऊ नयेत म्हणून काठी घेऊन शेजारी बसली. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, हे काय आहे. आई म्हणाली, ‘डॉटर्स होमवर्क.’ पुढच्या शनिवारी मी त्या क्लबला नेल्या तेव्हा डोरीनने एक पुंगळी उन्हात धरून कितीतरी वेळ बघितली आणि चिंच म्हणजे काय ते विचारलं. मग चिंच तिकडे गेली, जॅम इकडे आला, लोणचं तिकडे गेलं. दोघी फोनवर बोलायला लागल्या. काय बोलायच्या कोण जाणे. आईचं इंग्लिश बेताचं आणि डोरीनचं मराठी शून्य, पण फोन बराच वेळ चालायचा.

त्या वर्षी सामना नेमका दसऱ्याच्या दिवशी आला. आदल्या संध्याकाळी खंडेनवमी. आमच्याकडे आईची त्या दिवशी मोठी लगबग असायची. घरातल्या सगळ्या कामाच्या वस्तूंना हळदकुंकू: बाबांचा कॅल्क्युलेटर, मिक्सर, शिलाईचं मशीन, ड्राइव्हवेमधली आमची जुनी गाडी, माझी पुस्तकं, शेखरची हॉकी स्टिक. ती स्टिक त्याने कुंकवासकट मॅचला नेली होती आणि पोरांनी विचारलं तर रक्त आहे म्हणून सांगितलं होतं. मी युनिव्हर्सिटीतून परत आले तेव्हा अंधार पडायला लागला होता. सामन्याची काडतुसं मी मुद्दामच शेवटी ठेवली होती, त्या संध्याकाळी भरायची म्हणून. प्रायमर बसवून पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या केलेल्या, तोंड वर करून, पावडरची वाट बघत. कपाटाचं दार उघडलं तर प्रेसला हळदकुंकू, दांड्यावर झेंडूचं फूल, तराजूला टिकली एवढं कुंकू. आणि ठोकळ्यावर लाल अक्षता.

आई मागे येऊन उभी राहिली. ‘दिवा नाही आणला हं मी,’ ती घाईघाईने म्हणाली. ‘उदबत्तीसुद्धा नाही. त्या बाईंनी सांगितलंय ना. नुसतं हळदकुंकू, फूल आणि अक्षता. दिवा नाही, म्हणून अक्षता जरा जास्त वाहिल्या.’

एवढा विचार केला होता तिने. मी तिला मिठी मारली, ठोकळ्यावरच्या अक्षता हाताने झाडल्या, आणि काम सुरू केलं. पावडर घातल्यावर टॉर्च लावून प्रत्येक पुंगळीत बघायचं, सगळ्यांत सारखी आहे ना, हे डोरीनने माझ्या अंगवळणी पाडलं होतं, आणि ते मी अगदी मन लावून केलं. पावडर घालायच्या आधीही बघायचं असतं. त्या संध्याकाळी माझे डोळे जरा ओले होते.

सामन्याची सकाळ सुरेख होती. पानं लाल झालेली, वारा अजिबात नाही. बाबा मला घेऊन आले होते आणि माझ्यामागे खुर्ची टाकून, गुडघे जुळवून बसले होते, देवळात बसल्यासारखे. सुरुवातीचे नेम असे बसत गेले, की माझं मलाच खरं वाटेना. शेजारच्या लेनमधला मुलगा स्वतःची रायफल सोडून माझ्या टार्गेटकडे बघायला लागला. मी पुढचं काडतूस आत घातलं, श्वास अर्धा सोडला, काहीही केलं नाही, आणि चाप ओढला.

टिक.

नुसतं टिक. मी हललेच नाही. नळी समोर धरून थांबायचं, रायफल उघडायची नाही, कारण कधी कधी उशिरा उडतं. डोरीन माझ्यामागे येऊन उभी राहिली, घड्याळाकडे बघत. पुरेसा वेळ गेल्यावर तिने स्वतः ते काडतूस काढलं, बाजूच्या टेबलावर नेलं, आणि तिच्याकडच्या हातोडीसारख्या पोकळ प्लास्टिकच्या हत्यारात बसवून, ठोकून गोळी अलग केली. पावडर बाहेर आली. मग तिने पुंगळीत टॉर्च मारला, पिनने काहीतरी टोकरलं आणि तळहातावर घेतलं. बुडाच्या भोकात, जिथून ठिणगी यायची, तिथे ते बरोबर उभं अडकून बसलं होतं. बासमतीचा दाणा, लांब आणि बारीक.

‘इज धिस राइस?’

‘येस.’

‘व्हाय इज इट रेड?’

मी बाबांकडे बघितलं. बाबा आकाशाकडे बघत होते. ‘माय मदर ब्लेस्ड इट,’ मी म्हटलं.

डोरीनने चष्मा वर केला. ‘आय हॅव फाउंड वॉस्प्स इन देअर,’ ती म्हणाली, ‘अँड चुइंग गम. नेव्हर अ ब्लेसिंग.’ आणि मग अगदी हळू आवाजात, माझ्या दंडाला धरून, तिने सांगितलं की या डब्यातलं एकही काडतूस आता रायफलमध्ये जाणार नाही. मला ते ठाऊकच होतं. ती नसती म्हणाली तर मीच म्हणाले असते. सामना माझ्यापुरता संपला. नंतर आम्ही उरलेली सगळी उघडून बघितली, आणखी तीन-चार दाणे निघाले. संघात तो शेजारच्या लेनमधला मुलगा गेला.

गाडीत मी खूप रडले. इतकं वाईट मला कशाचंच वाटलं नव्हतं, कारण याआधी मी कशासाठी इतकी जीव टाकून बसलेच नव्हते. बाबा गाडी चालवता चालवता एका हाताने टिश्यू देत होते. घर जवळ आलं तसे ते म्हणाले, ‘आईला काय सांगायचं?’

माझं रडणं थांबलं. दारात ती उभी असणार हे मला दिसत होतं. रात्रभर तिने शॉवरच्या दांड्याला चक्का टांगला होता.

‘वारा होता म्हणू,’ मी म्हटलं.

‘पानही हलत नाहीये गं,’ बाबा म्हणाले.

‘तिकडे होता. मैदानावर.’

बाबांनी थोडा विचार केला. ‘वायव्येचा,’ ते म्हणाले. नकाशाशिवाय त्यांना खोटंही बोलता यायचं नाही.

आई दारातच होती, हातात शेजाऱ्यांच्या रेडबडच्या झाडाची पानं. ती आपट्यासारखी दिसतात, म्हणून आमच्याकडे तेच सोनं. मी सांगितलं, निवड नाही झाली, वारा फार होता. तिचा चेहरा उतरला. मग जरा वेळाने, श्रीखंड वाढता वाढता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, ‘आणि ती पूजा केली होती मी, तिचा काही उपयोग?’

‘झाला ना,’ मी म्हटलं. ‘पूजा होती म्हणून तर इतकं तरी निभावलं. बाकीच्यांचे नेम बघितले असतेस तर.’

‘वायव्येचा वारा,’ बाबा श्रीखंडात बघत म्हणाले. आईने मला आणखी एक पुरी वाढली.

त्या हिवाळ्यात प्रेस पलंगाखाली जाईल अशी सगळ्यांची तयारी होती. माझीसुद्धा. पण मी स्टूलवर जाऊन बसले की गुडघा आपोआप त्या खाचेत जायचा. मी भरत राहिले, शनिवारी जात राहिले, आणि पावडर घालायच्या आधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारत राहिले. आईने एकदा विचारलंही, ‘आधीसुद्धा बघतेस हल्ली?’ मी म्हटलं, नवीन पद्धत आहे. ती ‘बरं’ म्हणाली. पुढच्या ऑक्टोबरमध्ये माझी संघात निवड झाली, पण ती गोष्ट मला इथे सांगायची नाही, तिच्यात गंमत काही नाही, सगळं सरळ झालं.

सांगायचंय ते त्या निवडीच्या थोडं आधी आलेल्या खंडेनवमीचं. मी कपाटात बसले होते, ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या. आई ताट घेऊन आली. मला अक्षता आठवल्या, तरी मी सरकून तिला जागा केली. तिने प्रेसला हळद लावली, कुंकू लावलं, दांड्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. मी ताटात बघितलं. अक्षतांची वाटीच नव्हती.

‘अक्षता विसरलीस,’ मी म्हटलं.

‘विसरले नाही.’ तिने ताट फळीच्या कडेवर टेकवलं. ‘तांदूळ आत अडकतात ना.’

मी हातातला टॉर्च खाली ठेवला. ‘तुला कुणी सांगितलं?’

‘डोरीनबाईंनी. त्याच दिवशी, संध्याकाळी फोनवर. त्यांना वाटलं, तू घरी आल्या आल्या सांगितलंच असशील.’

‘मग वर्षभर बोलली का नाहीस?’

‘काय बोलणार? तुझं सगळं गेलेलं, तरी माझ्यासाठी तू इतकं छान खोटं बोललीस,’ आई म्हणाली. ‘मला ते मोडवेना.’

तिने ताट उचललं. आता रडायची पाळी माझी, हे तिला ठाऊक असावं, कारण ती मुद्दाम कोरड्या आवाजात म्हणाली, ‘आणि एकेकीत नीट डोकावून बघ हं. एखादी पाकळी पडली असेल.’

ती गेल्यावर मी टॉर्च घेतला आणि बघितलं. एकीत होती.